लाईट येईपर्यंत

हा लेख उघडून तुम्ही आत्ता अंगठ्याने स्क्रीन वर सरकवली असेल. फोन अँड्रॉइड असेल तर त्या स्पर्शासरशी प्रोसेसरचा वेग बहुतेक वाढला, अक्षरं न अडखळता वर गेली, आणि तुम्ही अंगठा उचलून वाचायला लागलात तसा तो पुन्हा खाली आला. याला टच बूस्ट म्हणतात. आत्ता पळायचं की चालायचं, हा निर्णय तुमच्या हातातल्या यंत्रात सेकंदाला अनेकदा घेतला जातो आणि त्यातला एकही तुम्हाला विचारून होत नाही. अँड्रॉइडच्या तळाशी लिनक्सचा कर्नल असतो. त्यातल्या ज्या भागाकडे हे काम असतं त्याला गव्हर्नर म्हणतात.

हा शब्द मी इंजिनिअरिंगला जायच्या बऱ्याच आधी ऐकला होता, आबांच्या पिठाच्या गिरणीत. औसा तालुक्यातल्या आमच्या गावात गिरणी तेव्हा डिझेल इंजिनावर चालायची आणि तिचा पुक-पुक आवाज शिवारात लांबवर जायचा. वरून दळण टाकलं की इंजिन क्षणभर दबायचं, आवाज जड व्हायचा आणि मग आपोआप सावरायचा. ते सावरणं गव्हर्नरचं काम. वेग उतरला की त्यातली फिरती वजनं आत येतात आणि डिझेल जास्त सुटतं. वेग चढला की ती बाहेर फेकली जातात आणि डिझेल आखडतं. जेम्स वॅटने १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनाला याच तत्त्वाचा गव्हर्नर लावला होता. लिनक्सने नाव तिथून घेतलं, काम मात्र जवळपास उलटं आहे. गिरणीतला गव्हर्नर वेग कायम राहावा म्हणून इंधन कमीजास्त करतो, लिनक्सचा गव्हर्नर वेगच कमीजास्त करतो. दोघांमुळे एक गोष्ट मात्र सारखीच होते: मालकाला सारखं शेजारी उभं राहावं लागत नाही.

२०२० च्या जूनमध्ये मला मात्र उभं राहावं लागलं.

पुण्यातल्या एका कंपनीत जॉइन झालो होतो, म्हणजे घरूनच जॉइन झालो होतो. कंपनीचा लॅपटॉप ‘निघालाय’ असं सांगितलं गेलं आणि तो सप्टेंबरपर्यंत निघालेलाच राहिला. तोवर काम माझ्या जुन्या थिंकपॅड एक्स२३० वर. २०१२ सालचं मॉडेल, कॉलेजात असताना सेकंड-हँड घेतलेलं. त्याची बॅटरी नवी असताना ६३ वॉट-तासांची होती, आता जेमतेम ३१ भरत होती.

आमचं घर गावात नाही, शेतात आहे, आखाड्यावर. लाईट शेतीच्या फीडरवरची. म्हणजे चक्राकार पद्धत: काही दिवस दिवसा आठ तास, मग काही दिवस रात्री दहा तास. गावठाणात राहणाऱ्यांना याची फारशी झळ लागत नाही. शेतात राहणाऱ्यांचं मात्र सगळं घड्याळ त्यावर चालतं. उसाचं पाणी, मिक्सर, फोनचं चार्जिंग आणि रात्रीच्या पाळीत दादांची झोप. (आम्ही वडिलांना दादा म्हणतो.)

रात्रीच्या पाळीच्या दिवसांत सकाळी आठला लाईट गेलेली असायची आणि मी साडेनऊला लॉगिन करायचो. दुपारी एकला जेवणाच्या सुट्टीत मोटरसायकलवर गावात, चुलत्यांच्या गिरणीत. ती आता विजेवर चालते आणि गावठाणच्या लाईनवर आहे. तिथे तासभर लॅपटॉप चार्जिंगला लावायचा आणि परत यायचं. संध्याकाळी चहाच्या नावाखाली आणखी एक फेरी. गिरणीतच बसून काम करता आलं नसतं. तिथे रेंज नव्हती आणि असती तरी चक्कीच्या आवाजात मीटिंग कोण ऐकणार. फोरजी यायचं ते बांधावरच्या चिंचेखाली. इन्व्हर्टरचं म्हणाल तर दुकानं कधी उघडी कधी बंद, आणि पहिल्या पगारावर शैक्षणिक कर्जाच्या हप्त्याचं नाव आधीच लिहिलेलं होतं.

साडेनऊ ते एक म्हणजे साडेतीन तास. ३१ भागिले साडेतीन, सरासरी ९ वॉटच्या आत राहायचं. पहिल्या दिवशी बॅटरी पावणेदोन तासांत संपली. सव्वाअकराला मी टीमच्या दृष्टीने नाहीसा झालो. सहा महिन्यांचं प्रोबेशन होतं आणि त्या दिवसांत माझ्याच बॅचच्या दोघांची ऑफर लेटर परत घेतली गेली होती.

अशा वेळी कोणीही पहिला सल्ला देतो तो असा: प्रोसेसरचा वेग कमी कर, बॅटरी जास्त चालेल. हे अर्धंच खरं आहे, आणि कुठलं अर्धं हे कळायला थोडं आत जावं लागतं.

प्रोसेसरमधले ट्रान्झिस्टर उघडझाप करतात तेव्हा दर वेळी इवलासा विद्युतभार भरला आणि सांडला जातो. यात जाणारी शक्ती वेगाच्या पटीत वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. आता नुसता वेग अर्धा केला तर शक्ती अर्धी लागते, पण काम संपायला वेळ दुप्पट लागतो. गुणाकार तोच. खरी बचत व्होल्टेजमध्ये आहे. वेग कमी असेल तर कमी व्होल्टेजवर भागतं आणि तो फायदा वर्गात मिळतो. उलट वरच्या टोकाला, टर्बोच्या शेवटच्या पायऱ्यांवर, थोड्याशा वेगासाठी व्होल्टेज बरंच चढवावं लागतं आणि तिथे बॅटरी अक्षरशः सांडते.

लिनक्समध्ये बॅटरी आत्ता किती वॉटने रिकामी होतेय ते एका साध्या फाइलीत वाचता येतं. एका रविवारी बसून मी आमच्या प्रोजेक्टचं तेच बिल्ड तीन प्रकारे करून पाहिलं. टर्बोसकट पूर्ण वेगाने चार मिनिटं लागली, सरासरी ३४ वॉट, म्हणजे साधारण २.३ वॉट-तास. टर्बो बंद करून २.६ गिगाहर्ट्झवर पावणेपाच मिनिटं, २५ वॉट, म्हणजे २ वॉट-तास. आणि सगळ्यात खालच्या १.२ गिगाहर्ट्झवर दहा मिनिटं, १३ वॉट, म्हणजे जवळपास २.२.

सगळ्यात हळू चालवूनही पळवण्याइतकीच वीज गेली. कारण प्रोसेसर सोडून बाकीचा संसार, म्हणजे स्क्रीन, वाय-फाय, मेमरी, डिस्क, हा मिळून सहा-सात वॉट खातच असतो. काम दहा मिनिटं लांबवलं की त्याचंही भाडं दहा मिनिटांचं द्यावं लागतं. मधला वेग जिंकला तो याच दोन ओढींच्या मध्ये: फार वर गेलात तर व्होल्टेज खातं, फार खाली गेलात तर स्क्रीन खाते. प्रत्येक लॅपटॉपचा हा मधला बिंदू वेगळा असतो, त्यामुळे माझे आकडे तुमच्या मशीनवर चिकटवू नका. एका बिल्डमागे माझे ०.३ वॉट-तास वाचले. ऐकायला काहीच नाही, पण सकाळी दहा बिल्ड केले तर तीन, म्हणजे माझ्या हिशेबात वीस मिनिटं.

पण कधी कुठला वेग, हे ठरवणार कसं? या प्रश्नावर मला सगळ्यात आवडलेला शोधनिबंध १९९४ चा आहे. झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रातल्या मार्क वायझर, ब्रेंट वेल्च, अ‍ॅलन डीमर्स आणि स्कॉट शेंकर यांनी तो लिहिला. माणसं वर्कस्टेशनवर काम करताना प्रोसेसर केव्हा गुंतलेला असतो आणि केव्हा रिकामा, याच्या नोंदी त्यांनी घेतल्या आणि त्यावर तीन पद्धती चालवून पाहिल्या. पहिलीला पुढचं सगळं माहीत आहे असं धरलं. दुसरीला अगदी जवळचं पुढचं माहीत आहे. तिसरीचं नाव पास्ट, म्हणजे भूतकाळ. तिला पुढचं काहीच माहीत नाही. ती फक्त मागच्या क्षणाकडे बघते आणि पुढचा क्षणही तसाच असेल असं मानून चालते. प्रत्यक्षात आणण्यासारखी अर्थातच तिसरी.

नंतरचे गव्हर्नर याच घराण्यातले. २००४ मध्ये लिनक्स २.६.९ मध्ये ऑनडिमांड आला. ठरावीक काळाने प्रोसेसर किती टक्के गुंतला होता ते तो पाहायचा. ८० टक्क्यांच्या वर दिसलं की थेट सर्वोच्च वेग, नाहीतर हळूहळू खाली. २०१६ मध्ये स्केड्युटिल आला, तो हाच हिशेब थेट शेड्युलरकडून घेतो, त्यामुळे लवकर आणि नेमका घेतो. ही सगळी हुशार मंडळी आहेत. पण साडेअकराला मीटिंग आहे हे त्यांच्यातल्या कोणालाच माहीत नसतं. एक वाजता मी गिरणीत पोचणार आहे हेही नाही.

मला माहीत होतं. आखाड्यावर राहणाऱ्या माणसाकडे दुसरं काही नसलं तरी लाईटचं वेळापत्रक असतं. वायझरच्या टीमला जे भविष्य कागदावर गृहीत धरावं लागलं होतं, ते आमच्या स्वयंपाकघरात कॅलेंडरवर दादांच्या हाताने लिहिलेलं होतं.

मग स्क्रिप्ट लिहिली. दीडशेएक ओळींची, फार काही नाही. तिच्यासोबत एक छोटी फाइल: लाईट कधी, मीटिंग कधी, चार्जिंग कधी. प्लग निघाला की टर्बो बंद आणि वेगाला वरची मर्यादा. मीटिंगच्या दोन मिनिटं आधी मर्यादा थोडी सैल, म्हणजे आवाज तुटू नये. पूर्ण टेस्ट, बॅकअप, अपडेट अशी जड कामं रांगेत ठेवायची आणि प्लग लागल्यावरच सोडायची. आणि माझा लाडका नियम असा: चार्जिंगला वीस मिनिटं उरली असतील आणि बॅटरीत गरजेपेक्षा जास्त शिल्लक असेल तर सगळी कंजूषी बंद, टर्बो सुरू, काय करायचं ते करून घ्या. मागे बघून चालणाऱ्या कुठल्याही गव्हर्नरला हा नियम सुचणार नाही, कारण वीस मिनिटांनी काय होणार हेच त्याला ठाऊक नसतं.

दादांना हे रात्री समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हणजे ऑटो.”

“हो, तसंच.”

“लाईट आली की सगळं एकदम चालू करतो का तुझा ऑटो?”

“हो.”

“मग डीपी जळंल की रे.”

शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. शेतातल्या मोटारीला ऑटो बसवला की लाईट आल्या आल्या ती आपोआप सुरू होते, रात्री दोनला उठून विहिरीवर जावं लागत नाही. एका शेतकऱ्यापुरती ही उत्तम सोय. पण एका डीपीवरच्या सगळ्यांनीच ऑटो लावले तर लाईट येते त्याच क्षणी सगळ्या मोटारी एकदम उठतात. सुरू होताना मोटर नेहमीपेक्षा कितीतरी पट जास्त करंट ओढते. ट्रान्सफॉर्मर जळतो आणि तो बदलून मिळेपर्यंत ऊस वाळतो. महावितरण वर्षानुवर्षं सांगतं, ऑटो काढा, कपॅसिटर बसवा. आमच्या डीपीवर एकदा हे झाल्यानंतर दादांनी ऑटो काढून टाकला. तेव्हापासून ते बॅटरी घेऊन स्वतः जातात आणि लाईट आल्यावर पाच मिनिटं थांबून, व्होल्टेज स्थिर झालं की मग स्टार्टर दाबतात.

लॅपटॉपला डीपी नसतो, पण दादांच्या शंकेत तथ्य होतं. माझा चार्जर ६५ वॉटचा. गिरणीत प्लग लावताच रांगेतली सगळी कामं सुटली असती तर त्यातले ३५ वॉट प्रोसेसर आणि स्क्रीननेच खाल्ले असते आणि बॅटरीला उरले असते तीस. माझ्याकडे एकच तास. म्हणून स्क्रिप्टमध्ये आधी पाच मिनिटं थांबणं आलं, मग एका वेळी एकच जड काम, तेही टर्बो बंद ठेवून. त्या पाच मिनिटांना कोडमध्ये मी दादांचंच नाव दिलंय.

एवढं करूनही अडीच तासांपुढे गाडी जाईना. गंमत म्हणजे मी काहीच करत नसताना, नुसता कोड वाचत असताना, मीटर ११ वॉट दाखवायचं. वेगाचा प्रश्नच नव्हता, वेग तळालाच होता.

इथे पॉवरटॉप नावाचं इंटेलच्या इंजिनिअरांनी २००७ मध्ये आणलेलं साधन कामी येतं. प्रोसेसरला काम नसलं की तो झोपतो आणि जितका वेळ कोणी उठवत नाही तितका खोल झोपू शकतो. खोल झोपेत तो जवळपास काहीच खात नाही. त्याला सेकंदाला किती वेळा आणि कोण उठवतंय हे पॉवरटॉप नावानिशी सांगतं. ती यादी बघणं म्हणजे चाळीत रात्री कोणाकोणाचा टीव्ही चालू आहे ते कळण्यासारखं आहे. कोणी सेकंदाला दहा वेळा नवीन मेसेज आला का विचारतंय, कोणी न दिसणारं अ‍ॅनिमेशन फिरवतंय. २०१७ मध्ये व्हीएस कोड या एडिटरबद्दल असंच एक उघडकीला आलं होतं: नुसता लुकलुकणारा कर्सर दाखवायला तो सेकंदाला साठ वेळा चित्र रंगवत होता आणि काही टाइप न करताही सुमारे १३ टक्के सीपीयू घेत होता. कर्सर! मी माझ्या एडिटरमधलं लुकलुकणं त्याच दिवशी बंद केलं, आजही बंद आहे.

माझ्या यादीत सगळ्यात वर ऑफिसचं चॅट अ‍ॅप होतं. अशी अ‍ॅप्स म्हणजे आत एक अख्खा ब्राउझर असतो. ते लॅपटॉपवर बंद करून फोनवर घेतलं तर दीड वॉट वाचले. फोन केबलने जोडून नेट घेत होतो, तेव्हा तो लॅपटॉपमधूनच चार्ज होत होता. त्याऐवजी हॉटस्पॉट आणि पॉवर बँक. ब्राइटनेस खाली, चिंचेच्या सावलीत ते चालून गेलं. तीन तास पंचवीस मिनिटं झाली. एक वाजायला पाच कमी.

पण फोनवरचं ते अ‍ॅप स्क्रीन बंद झाली की काही मिनिटांत माझं स्टेटस हिरव्याचं पिवळं करायचं. दोन महिन्यांनी रिव्ह्यू कॉल झाला. टीम लीडने कामाचं बरं सांगितलं आणि मग म्हणाले, “एक आहे, तू सारखा पिवळा दिसतोस. वरच्यांना दिसतं ते. ‘उपलब्धता’ म्हणून एक रकाना असतो रे.”

“सर, काम चालू असतं. लाईट नसते.”

“इन्व्हर्टर घेऊन टाक ना.”

माणूस वाईट नव्हता. त्यांच्या सोसायटीत जनरेटर होता आणि लाईट जाणं म्हणजे लिफ्ट अर्धा मिनिट थांबणं एवढंच त्यांना माहीत होतं. हिरवा ठिपका दिसावा म्हणून माउस हलवत ठेवणारी प्रोग्रॅम्स मिळतात, टीममधल्या एकाने मला लिंकही पाठवली. त्याने प्रोसेसर दिवसभर जागा राहिला असता. काम बारापर्यंत करून हिरवं दिसायचं, की एकपर्यंत करून पिवळं? मी पिवळा राहिलो. मात्र स्क्रिप्ट मिनिटामिनिटाला लॉग ठेवत होती, लाईट कधी गेली, बॅटरी किती, कोणतं बिल्ड कधी. त्या लॉगचा महिनाभराचा आलेख कमिटच्या वेळांसोबत लावून टीम लीडना मेल केला. उत्तरात एक अंगठा आला.

त्याच आठवड्यात पॉवरटॉप आमच्याच प्रॉडक्टवर लावून पाहिलं. आमचा डॅशबोर्ड दर दोन सेकंदांनी सर्व्हरला विचारत होता, टॅब मागे दडलेला असला तरी. टॅब दिसत नसेल तर ब्राउझर तसं कोडला सांगतो, ही सोय कधीची आहे. मी सात ओळींचा बदल पाठवला: टॅब लपला की विचारणं बंद, पुन्हा दिसला की एकदा विचार आणि मग चालू. चर्चेत पहिला प्रश्न आला, “याची कोणी तक्रार केली आहे का?” कोणीच केली नव्हती. ज्याची बॅटरी यामुळे संपत होती त्याला ती यामुळे संपतेय हे कळायला मार्गच नव्हता. बदल तीन आठवड्यांनी मर्ज झाला, तोही कारण सर्व्हरवरचा भार कमी होतो असं मी वर्णनात पहिल्या ओळीत लिहिलं म्हणून. डिसेंबरमध्ये कन्फर्मेशनचं पत्र आलं. उपलब्धतेच्या रकान्यात काय लिहिलं होतं ते पत्रात नव्हतं.

आता पुण्यात आहे, लॅपटॉप नवा आहे. इंटेलने २०१५ पासून वेगाचा निर्णय बराचसा प्रोसेसरवरच सोपवलाय. ऑपरेटिंग सिस्टिम फक्त काटकसर हवी की चपळाई एवढा इशारा देते आणि बाकी चिप स्वतः बघते, कर्नलपेक्षा कितीतरी लवकर. माझ्या स्क्रिप्टचा वेग बदलणारा भाग इथे निरुपयोगी आहे.

थिंकपॅड नवीन बॅटरी घालून धाकट्या बहिणीला दिलाय. ती लातूरला बीसीए करते आणि सुट्टीत आखाड्यावर असते. स्क्रिप्ट अजून त्यावर चालते. वेळापत्रकाची फाइल ती स्वतः बदलते, पाळी बदलली की कॅलेंडर बघून. मागच्या महिन्यात तिने मला न विचारता त्या पाच मिनिटांची दहा करून टाकली. का, विचारलं तर म्हणाली, नवीन डीपी आलाय, दादा आता दहा मिनिटं थांबतात.